म्हाताऱ्याला निडीला ठेवलं तेव्हा

लेकीचे दिवस भरत आले होते आणि मला बेंगळुरूला जायचं होतं. पेणच्या घरात मी आणि आमचा कुत्रा, दोघंच. त्याला चौदावं वर्ष लागलेलं. नाव होतं त्याला, पण शेवटची दोन-तीन वर्षं सगळी आळी त्याला म्हाताराच म्हणायची, मग मीही म्हणायला लागले. नवरा धरमतरला बार्जवर कामाला होता. एकदा ड्युटीवरून येताना शर्टाच्या आत घालून हे पिल्लू घेऊन आला. जेट्टीवर त्याची आई ट्रकखाली गेली होती. नवरा जाऊन आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात मी मोठ्याने बोलायचे ती या कुत्र्याशीच.

त्याला एका डोळ्याने दिसत नव्हतं, मागचे पाय लटपटायचे. शेजाऱ्यांच्या भरवशावर कसा सोडणार? शेवटी निडीला, माहेरी, दादाला फोन केला. दादा लगेच हो म्हणाला. मला धाकधूक होती ती वहिनीची. कुत्रं ओटीवर चढलेलं तिला खपत नसे. माझं आणि तिचंही फारसं जमलं नव्हतं कधी. भांडण असं नाही, पण सणावारापुरतं बोलणं.

ओळखीची रिक्षा करून त्याला घेऊन निघाले. कासूच्या आसपास तो धापा टाकायला लागला म्हणून रिक्षा थांबवली आणि वाटीत पाणी दिलं. पाणी प्यायला नाही. रस्त्याच्या कडेला चार पाय रोवून, वाऱ्यावर नाक धरून उभा राहिला. कितीतरी वेळ. मी घाई केली नाही. मग आपणच वळला आणि माझ्या पायाला डोकं टेकलं. उचलून परत आत घेतला, तर किती हलका झालाय ते तेव्हा हाताला कळलं.

वहिनीने पडवीत गोणपाट टाकून ठेवलं होतं. मी त्याच्या गोळ्या, भाताचं प्रमाण सगळं दोन-दोनदा सांगितलं. ती "बरं" म्हणाली, एवढंच. निघताना मी त्याच्याजवळ बसले नाही. बसले असते तर मलाच उठवलं नसतं. तो झोपलाय असं स्वतःला सांगितलं आणि वळून न बघता स्टेशनकडे चालू लागले.

चार दिवसांनी पुण्याहून बेंगळुरूची गाडी पकडली. सोलापूर सोडलं आणि सकाळी दादाचा फोन आला. म्हाताऱ्याने परवापासून काही खाल्लं नव्हतं. डॉक्टर येऊन गेले होते. वय झालंय, आता त्रास देऊ नका म्हणाले होते. मी म्हटलं, पुढच्या स्टेशनला उतरते, परत येते. दादा म्हणाला, लेक तिकडे एकटी आहे, तू पुढे जा. ते बरोबरच होतं. बरोबर होतं म्हणून जास्त लागलं.

मग फोन वहिनीने घेतला. "त्याच्या कानाला लावते," ती म्हणाली. "बोल गो. जागा हाय तो."

डब्याच्या दाराशी, बेसिनपाशी उभी होते मी. गाडीचा आवाज, मागे चहावाला.  मग रोज झोपायच्या वेळी कडी लावताना जे म्हणायचे तेच म्हटलं, "झोप आता. दार लावलंय मी." दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना रेंज गेली होती. कधी गेली, त्याने किती ऐकलं, कळलं नाही. जागेवर परत आले तेव्हा समोरच्या बर्थवरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सरकून खिडकीची जागा दिली.

त्याच दुपारी तो गेला.

लेकीला मुलगी झाली. तिकडे दोन महिने हात रिकामा असा नव्हताच. तरी बाळाला मांडीवर घेतलं की पायाशी कुणी येऊन बसेल असं वाटायचं आणि मी पाय जरा आखडून घ्यायचे.

परत आल्यावर थेट निडीला गेले. भातखाचरात वाल काढून झाला होता. बांधाच्या कोपऱ्यात दादाने त्याला पुरलं होतं, वर दोन दगड ठेवले होते. वहिनी माझ्यासोबत तिथवर आली. येताना तिने आपणहून सांगितलं, की पडवीत थंडी लागते म्हणून दुसऱ्या दिवसापासूनच त्याला स्वयंपाकघरात घेतलं होतं. चुलीपाशी. पेज बोटावर घेऊन चाटवायची. शेवटी डोकं तिच्याच मांडीवर होतं.

"तुझा आवाज आला तेव्हा कान हलवलान," ती म्हणाली. "मग दाराकडं बघत ऱ्हायला."

किती वेळ, ते मी विचारलं नाही. तिच्या दंडाला धरून उभी राहिले. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "चल, जेवून घे. भात निवतोय."