दाराशेजारचा नंबर

परदेशी मदतीच्या योजनांनी लोकांचं खरंच भलं होतं का, हे तपासणारं आमचं केंद्र विद्यापीठात सुरू होतंय. पेंटर माझ्या खोलीच्या दाराशेजारी नंबर काढतोय.

पूर्वी अशा मदतीतल्या एका नळयोजनेची पाहणी करताना असाच एक नंबर मी खेड्यातल्या अनुसयाबाईंच्या घराच्या भिंतीवर गेरूने टाकला होता. त्यांच्या गावाला नळ मिळणारच नव्हता. नळ मिळालेल्या गावाशी तुलना करायला आम्ही ते निवडलं होतं. वर्षाने गेले, तर साऱ्या भिंतीला ताजा चुना, फक्त नंबराभोवती जुना, मळका चौकोन राखलेला.

“पुसला असता तर नळवाल्यांना घर कसं सापडणार, बाई?” त्या म्हणाल्या.

मी खरं सांगितलं नाही. पाणी किती लांबून आणता, एवढंच पुन्हा विचारलं.

“मॅडम, पुसला जाणार नाही असा काढलाय,” पेंटर म्हणतोय.