यित्स्के लिहायची, ‘अजून वर’

आमच्या गावातल्या बायका बाळंत व्हायला खिडकीतून जातात, असं पलीकडच्या गावात म्हणतात. म्हणू देत. आमची सुईण यित्स्के सहा वर्षं प्रत्येकीच्या कार्डावर एकच गोष्ट लिहीत होती, ‘डोकं अजून वर’. आणि बाळाचं डोकं कमरेत उतरलेलं नसताना पाणी गेलं, तर उभं राहायचं नाही. आडवं व्हायचं आणि फोन करायचा, हा आमच्याकडचा नियम. नाहीतर डोक्याआधी नाळ खाली येते आणि ती दबून बाळ गुदमरतं. आमचे जिने इतके अरुंद की आडव्या माणसाला त्यावरून आणता येत नाही. मग अग्निशमनवाले शिडी लावून खिडकीतून काढतात. एका उन्हाळ्यात तिघींना तसं काढलं. तिघींच्याही बाळांची डोकी कधीच खाली उतरलेली होती.

मी बाळंतिणींच्या घरी आठ-आठ दिवस राबणारी बाई. यित्स्केबरोबर मी वीस वर्षं काम केलं. पूर्वी ती पोटावर हात ठेवता ठेवता नवऱ्यांची टिंगल करायची, मोठ्याने हसायची. तो आवाज आता मला नीट आठवतही नाही.

सहा वर्षांपूर्वी तिने बाउक्येच्या कार्डावर ‘उतरलं’ असं लिहिलं होतं. कालव्यापलीकडचा गोठा बाउक्ये आणि तिच्या नवऱ्याचा, हेसलचा. पाणी गेलं तेव्हा ती दूध काढत होती. उतरलंय म्हटल्यावर घाई कसली? उरलेल्या गायी तिने उरकल्या, यंत्र धुतलं आणि चालत घरी आली. तोवर नाळ खाली आली होती. विब्रेन जन्मला, पण त्याने श्वास घेतला नाही.

चौकशी झाली. दोष कुणाचाच नाही, असं समितीने लिहून दिलं. बाउक्येनेही कधी बोट दाखवलं नाही. रस्त्यात भेटली की सायकलवरून हात करायची. मला विचाराल तर तेच यित्स्केला बाधलं. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती रडली नाही, रजाही घेतली नाही. दुसऱ्या दिवसापासून नुसतं ‘अजून वर’ लिहायला लागली. मी एकदा तावातावाने विचारलं, तर म्हणाली, “आडवं झाल्याने कुणी मरत नाही.” पुढे मीही बोलायचं सोडलं. त्याची मला आज लाज वाटते.

यंदा बाउक्येला पुन्हा दिवस गेले. सगळ्यांनी सांगितलं, दवाखान्यात जा. तिने ऐकलं नाही. घरीच आणि यित्स्केच. पण छत्तिसाव्या आठवड्यात कार्डावर ‘अजून वर’ आलं आणि ही पाणी जायची वाट न बघताच आडवी झाली. पलंगाखाली लाकडी ठोकळे लावून झाले होते, सुइणीची कंबर मोडू नये म्हणून लावतात ते. त्या उंच पलंगावर ती दोन आठवडे छताकडे बघत पडून होती. हेसलने मला बोलावून घेतलं. “गायी सांभाळू की हिला?” म्हणाला. “गायी निदान हंबरतात तरी.”

गुरुवारी यित्स्के तपासायला आली. मी कॉफी आणि प्रत्येकी एक बिस्किट ठेवलं. तिने हात चोळून गरम केले आणि ओटीपोटाशी दोन्ही बाजूंनी बोटं रोवली. बोटं आत शिरेनात. डोकं हलेना. मी इतकी पोटं पाहिली आहेत, डोकं उतरलंय हे मला लांबूनही कळलं. यित्स्केने पेन उचललं आणि लिहिलं.

बाउक्येने कार्ड ओढून घेतलं, वाचलं.

“परत हात ठेव.”

“ठेवला ना आत्ता.”

“परत ठेव, यित्स्के.”

तिने ठेवला. कॉफीवर साय धरली.

“मागच्या वेळी तू चुकलीस,” बाउक्ये म्हणाली. “चुकतं माणूस. पण आज तू खोटं लिहितेयस. मी अजून किती दिवस अशी मढ्यासारखी पडू?”

यित्स्केचा चेहरा कोरा होता. “आणि पुन्हा चुकले तर?”

“तर तेव्हा बघू. आता तुझ्या बोटांना काय लागतंय ते सांग.”

“उतरलंय,” यित्स्के म्हणाली. दुकानात पाव मागावा तशा आवाजात. मग ‘अजून वर’ खोडलं आणि खाली लिहिलं, ‘उतरलं’. लिहायला फार वेळ लागला. बाउक्ये पलंगावरून उतरली, लाकडी बूट घातले आणि गोठ्याकडे गेली. यित्स्के खिडकीशी उभी राहून ती आत जाईपर्यंत बघत होती.

नऊ दिवसांनी बाउक्येचं पाणी गेलं. पुन्हा दूध काढताना, उभ्याने. हेसलचा फोन आला तेव्हा मी यित्स्केच्या गाडीतच होते. जिन्यावरून धावत वर गेलो तर बाउक्ये पलंगाला धरून कळा देत होती. यित्स्केने पोटाला नळी लावून बाळाचे ठोके मोजले. मग पुन्हा मोजले.

“चांगले आहेत,” ती म्हणाली. नळी अजून पोटावरच होती. “गोठ्यातून कशी आलीस?”

“चालत,” बाउक्ये धापा टाकत म्हणाली. “तू लिहिलं होतंस ना.”