आत्याची गोळी

“हे त माही गोयी हाय,” आत्या स्वयंपाकघरात आईला म्हणाली.

मी नुकतीच आंघोळ करून पॅसेजमध्ये केस पुसत उभी होते. दोघींनाही मी दिसत नव्हते. गोळ्यांची पट्टी मी आदल्या दिवशी ओट्यावर मिठाच्या बरणीमागे विसरले होते.

“नाही हो ताई,” आई म्हणाली. “ती व्हिटॅमिनची आहे. तिचे केस गळतात ना.”

“वयनी, इतके वर्स झाले, हेच गोयी गिळून राहिली मी. डोये मिटून वळखीन. फिटची गोयी हाय हे. पोट्टीले कायले देऊन राहिले तुमी?”

आईने मिक्सर सुरू केला. आमच्या घरात नको असलेल्या प्रश्नाला हेच उत्तर असतं. चटणी वाटून झाली तरी मिक्सर बराच वेळ चालू होता.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती अमरावतीला आमच्याच घरी राहते. तिला लहानपणापासून फिट येते. आता गोळीमुळे क्वचितच येते, आणि आली तरी थोड्या वेळाने ती उठून स्वतःच फरशी पुसून घेते. तिचं एकदा लग्न झालं होतं, अकोटला. सासरी काही सांगितलं नव्हतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिला पंगतीत वाढताना फिट आली. सासऱ्यांनी स्वतः एसटीने आणून तिला माहेरी सोडलं आणि चहासुद्धा न घेता त्याच गाडीने परत गेले. हे सगळं मला आईकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. आई ही गोष्ट सांगते तेव्हा शेवटी एकच वाक्य म्हणते, “लपवायचंच होतं तर नीट लपवायचं.”

माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाल्यापासून आत्याचं बाळापूरला जाणं वाढलं होतं. पाहुणे येणार असले की आदल्या दिवशी ती पिशवी भरायची आणि चुलत बहिणीकडे जायची. तिला जा असं कोणी म्हणायचं नाही. बाबा फक्त विचारायचे, “बाळापूरची गाडी किती वाजता असते गं?”

माझी अडचण वेगळी होती. आधीच्या दोन ठिकाणांहून एकच निरोप आला होता, मुलगी चांगली आहे, पण जरा भरलेली आहे. आई तो शब्द घरात जपून वापरायची, पण पोळीवर तूप वाढताना तिचा हात थांबायचा. शेवटी अकोल्याच्या मावशीने मार्ग काढला. तिच्या ओळखीतली एक मुलगी एका वजनाच्या क्लिनिकमध्ये जाऊन बारीक झाली होती. “अमरावतीत गेलीस तर साऱ्या कॉलनीले कळते,” मावशी फोनवर आईला म्हणाली. “इकडे कोन वळखते तिले?”

म्हणून आम्ही अकोल्याला गेलो. डॉक्टर शांतपणे बोलणारे होते. त्यांनी रक्ताचे रिपोर्ट बघितले, वजन केलं आणि कागदावर टोपिरामेट असं लिहिलं. मग म्हणाले, “ही गोळी मुळात फिटसाठी आहे. काही जणांना मायग्रेनसाठीही देतात. तिने भूक कमी होते, म्हणून आम्ही कधीकधी वजनासाठी वापरतो. पण वजनासाठी म्हणून एकट्या या गोळीला मान्यता नाही, हे तुम्हाला सांगून ठेवतो. पाणी भरपूर प्यायचं. मनाने एकदम बंद करायची नाही. लग्न झालंय का? दिवस राहिले तर ही गोळी बाळाला चांगली नाही.”

“लग्नासाठीच तर आलो बाप्पा,” मावशी म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

फिट हा शब्द ऐकल्यावर आईने माझ्याकडे बघितलं नाही, पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेल्यावर ती म्हणाली, “घरी व्हिटॅमिन म्हणून सांगायचं.” मी बरं म्हटलं. मी बहुतेक गोष्टींना बरं म्हणते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, गल्लीत वऱ्हाडी. कुठे काय बोलायचं हे ठरवेपर्यंत बोलायची वेळ निघून जायची. न बोलण्याची मला सवय होती आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नव्हतं.

गोळीने भूक खरंच गेली. ताटासमोर बसलं की ते ताट दुसऱ्या कोणाचं तरी आहे असं वाटायचं. हळूहळू कुर्ते सैल झाले. आई शिंप्याकडे जाताना खुशीत असायची. मग आणखी काही गोष्टी सुरू झाल्या. बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. मी घरूनच एका कंपनीचं काम करते, ग्राहकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं द्यायची असतात, म्हणून मला वाटलं लॅपटॉपमुळे असेल. नंतर एकदा अकोल्याहून परतताना तिथल्या बसस्टँडवर थंड सोडा घेतला, तर तो उघडून ठेवलेला असावा तसा लागला. मावशीने त्याच बाटलीतून पिऊन सांगितलं की एकदम फर्स्टक्लास आहे.

शब्द जायला लागले ते मात्र मला उशिरा कळलं. चॅटवर पावती या अर्थाचा इंग्रजी शब्द रोज शंभरदा टाइप करणारी मी एका दुपारी त्या शब्दापाशी थांबले. ग्राहक वाट बघत होता. शब्द कुठेतरी होता, त्याची लांबी मला माहीत होती, पण तो येत नव्हता. घरात ओट्यापाशी काहीतरी मागताना मी म्हणाले, “ते, गरम भांडं धरायचं.” आईने चिमटा दिला. मी मुळातच कमी बोलणारी असल्यामुळे काही बिघडलंय हे कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

उलट फायदाच झाला. अकोल्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा पुण्याला नोकरीला, घरचे लोक शिकलेले. ते बघायला आले तेव्हा आम्हा दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. त्याने मला छंद विचारला. मला भरतकाम आवडतं. तो शब्द मला मराठीतही सापडेना आणि इंग्रजीतही. मी हाताने सुई धरल्यासारखं केलं आणि थांबले. तो हसला. खाली आल्यावर त्याची आई माझ्या आईला म्हणाली, “मुलगी शांत आहे हो. हेच आम्हाला फार आवडलं.” दोन दिवसांनी होकार आला. आत्या तेव्हा बाळापूरला होती.

मिक्सरच्या त्या प्रसंगानंतर आत्याने मला काही विचारलं नाही. थंडीचे दिवस होते, तुरीच्या शेंगा आलेल्या होत्या. एका दुपारी आम्ही दोघी मागच्या अंगणात सोल्याच्या भाजीसाठी शेंगा सोलत बसलो होतो. माझ्या बोटांना दाण्याचा नीट अंदाज येत नव्हता, दाणे ताटाबाहेर पडत होते.

“मुंग्या येते काय बोटायले?” तिने शेंगांकडे बघतच विचारलं.

“हो.”

“सोडा मेल्यासारखा लागते?”

मी मान हलवली.

“आन् शब्द?”

“कसले शब्द?”

“शब्द वं. जिभीवर असते न् बाहेर येत नाई. तुह्या बापाले वाटते मी येडी. मी येडी नाई. मी शोधत असतो.” तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. “शोधून होते तवरिक समोरचा उठून जाते.”

आत्या वाक्य अर्ध्यावर सोडते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. बाबा तिची वाक्यं पूर्ण करून टाकायचे, कधी बरोबर, कधी चूक, आणि ती चुकीलाही मान डोलवायची. डॉक्टरांनी तिला कधी सांगितलं असेल की नाही, मला माहीत नाही. घरात कोणी विचारलं नव्हतं एवढं खरं.

“तू डॉक्टरांना सांगितलंस का हे?” मी विचारलं.

“मले फिट येत नाई ना आता. मंग कायले सांगू? माहं ठीक हाय. मले गोयी पायजे. तुले कायले पायजे?”

मी म्हणाले, “बारीक व्हायला.”

ती खूप हसली. हसताना तिने पदर तोंडाला लावला. “बाप्पा! मी त हे खाऊन काडी झाली, अन् मले त कोनी ठेवलं नाई.” मग थोडा वेळ शेंगा सोलत राहिली. “मी अकोटले सांगनार होती. लग्नाच्या आंधीच. माह्या बापानं तोंडावर हात ठेवला, असा. इचारलं कोनी त अजूनही सांगतो. कोनी इचारतच नाई.”

त्याच आठवड्यात मावशीने चूक केली. माझ्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि आम्हाला अकोल्याला जायला जमत नव्हतं, म्हणून तिने कागद दाखवून तिच्या गल्लीतल्या मेडिकलमधून पट्टी घेतली. मेडिकलवाल्याने सहज विचारलं, कोणाला फिट येते. मावशी म्हणाली, भाचीची आहे, अमरावतीच्या, पण फिटसाठी नाही हो, वजनासाठी. मेडिकलवाला होकार आलेल्या त्या मुलाचाच सख्खा काका निघाला. नाव कागदावर होतंच.

त्याच संध्याकाळी बाबांना फोन आला. बाबा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात.

“सर, वाईट नका वाटून घेऊ,” काका म्हणाले. “लग्नाचा मामला आहे म्हणून विचारून राहिलो. मुलीले फिटचा त्रास आहे काय?”

“छे छे,” बाबा म्हणाले. “वजनासाठी आहे ती. डॉक्टरांशी बोलून घ्या वाटल्यास.”

“वजनासाठी फिटची गोळी?” काका म्हणाले. “मी दुकानात बसतो सर. असं होते, मले माहीत आहे. पण घरच्या बायकांले समजावणं कठीण आहे. एकदा समोरासमोर बसून बोलून टाकू.”

रविवारी यायचं ठरलं. आईने त्या रात्री मावशीला फोनवर खूप सुनावलं. मावशी म्हणाली, “मले काय सपन पडलं होतं तो काका असन म्हणून?” आईने मला गोळी लगेच बंद कर म्हणून सांगितलं. मी डॉक्टरांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले की एकदम नाही, हळूहळू कमी करा, आणि शब्दांचं तुम्ही मला आधीच सांगायला हवं होतं. मी बरं म्हटलं.

आत्याची बाळापूरची गाडी शनिवारी दुपारची होती. शनिवारी सकाळीच काकांचा फोन आला की अमरावतीला काही काम निघालं, तर आजच येतो, बडनेऱ्यापर्यंत पोहोचलोच आहोत. आई साडी बदलायला धावली. बाबांनी सोफ्यावरचे पेपर उचलले. आत्या भरलेली पिशवी घेऊन पॅसेजमध्ये उभी होती.

“ताई, जरा आतच बसा आता,” आई साडीच्या निऱ्या हातात धरून म्हणाली. “आणि तेवढा चहा टाकून द्या.”

“टाकतो,” आत्या म्हणाली. तिने पिशवी परत खोलीत नेऊन ठेवली आणि सांडशी घेतली. सांडशी बघून मला तो शब्द आठवला. चिमटा नव्हे, सांडशीच मागायची होती मला त्या दिवशी.

ते तिघे आले होते. काका, मुलगा आणि मुलाची आई. मी ट्रे घेऊन बाहेर गेले तेव्हा आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत्याने टीव्ही बंद केला होता. तिच्या चपला पुढच्या दारातच राहिल्या होत्या, मुलाच्या बुटांच्या शेजारी.

आईने सगळं नीट सांगितलं. क्लिनिक, डॉक्टर, रिपोर्ट. माझा जुना फोटोही दाखवला, हे मला अपेक्षित नव्हतं. मुलाच्या आईने फोटो बघितला, मग मला बघितलं आणि म्हणाली, “फरक पडलाय हो.” मुलाला अवघडल्यासारखं झालं होतं. त्याने चहा घेतला आणि बशीत लक्ष घातलं.

“चहा फक्कड आहे,” काका म्हणाले. “आलं बरोबर पडलं.”

“तिनेच केलाय,” आई माझ्याकडे हात करून म्हणाली.

काकांनी कप ठेवला. “माझी तं खात्री झाली सर. फक्त आमच्या वहिनींच्या मनात एक आहे, ते विचारून टाकतो, म्हणजे विषय संपला. तुमच्या घराण्यात, म्हणजे रक्ताच्या कोणाले, फिटचा त्रास नाही ना?”

बाबा पंख्याकडे बघायला लागले. थंडीत पंखा बंदच होता.

“नाही हो,” आई म्हणाली. “कोणालाच नाही.”

आतल्या खोलीत पलंग करकरला. मुलाच्या आईने सुटकेचा श्वास सोडला आणि साखरपुड्याची तारीख कधीची धरायची ते विचारलं. बाबा उत्तर द्यायला लागले. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि त्यातला पहिलाच शब्द सापडत नव्हता. मी तो शोधत राहिले. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, त्यामुळे उठून जाणारंही कोणी नव्हतं. मग तो शब्द सोडून दिला आणि जे सापडत होते त्यांच्यापासून सुरुवात केली.

“चहा मी नाही केला,” मी म्हणाले. “माझ्या आत्याने केला. फिट तिला येते. ती आतच बसली आहे. बोलावू का?”