डाव्या हाताला चालणारे महिपती

आमच्या बुवापाड्यात महिपती जाधवांना सगळे बायकोचे ताबेदार म्हणत. ते माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. चौदा एप्रिलची मिरवणूक असो की उल्हासनगरला कापड घ्यायला जाणं असो, मामा आत्यांच्या डाव्या हाताला चालणार म्हणजे चालणार. आत्यांचा डावा कान पार गेलेला, उजवाही वयाने मंद होत चाललेला. तिकडून रिक्षा आली तर त्यांना कळायचं नाही, म्हणून. मी लग्न होऊन आले तेव्हा मामांनीच मला बजावलं होतं, "लहानपणी तिला गोवर निघाला, तो कानात उतरला. तू आपली उजवीकडून बोलत जा." आत्या भाकरी थापतच राहिल्या.

सासरा म्हणून माणूस लाखात एक. एमआयडीसीत पत्रा ठोकणाऱ्या धडधडत्या प्रेसच्या खात्यात जन्म काढलेला, म्हणून बोलणं टिपेचं, पण घरात कुणावर डाफरले नाहीत. दारूचा थेंब नाही. शेजारची भिमाबाई आपल्या नवऱ्याला मामांचं उदाहरण द्यायची, तेव्हा मामा उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, लाजतात. माझा नवरा भगवान तर बापापुढे कुणाला मानतच नव्हता.

नव्याण्णव साली आत्यांना हार्ट अ‍ॅटॅक आला. वाचल्या, पण चार पावलं टाकली की धाप लागायची. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी हृदयाचं एमआरआय करायला सांगितलं. तेव्हा ही तपासणी इतकी नवी होती की त्यांनी आम्हाला नीट बसवून समजावलं. शिरेतून एक औषध देणार. हृदयाचा जो भाग मेलाय तिथे ते रेंगाळतं, फोटोत तो भाग पांढरा दिसतो. जिवंत भाग काळा. जिवंत भाग पुरेसा असेल तर बायपासचा उपयोग, नाहीतर उगाच छाती उघडायची नाही. फक्त, मशीनमध्ये स्पीकरवरून सांगितलं की श्वास रोखायचा, नाहीतर फोटो पुसट येतो.

मी आडोशाला आत्यांच्या बांगड्या उतरवत होते, तेव्हा टेक्निशियनने बाहेर मामांना विचारलं, "माँजी को सुनाई देता है ना?" मामा म्हणाले, "देता है, देता है." एवढ्या वर्षांची सवय. ऐकू येत नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कशाने गेलं?

मशीनचा आवाज कानठळ्या बसवणारा, म्हणून आत्यांच्या दोन्ही कानांत कापूस घातला. बाकीच्या पेशंटना त्यातूनही स्पीकरवरचं ऐकू जात असे. सुरुवातीचे साधे फोटो झाले, औषध गेलं, थोडं थांबून टेक्निशियन बोलला, "साँस रोकिये." काचेपलीकडे आत्यांचं पोट निवांत खालीवर होत राहिलं. पुन्हा सांगितलं, तेच. तो वैतागला, "बाई सुनती ही नहीं." डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, औषध उतरायला लागलं की सगळं फुकट, आणि आज दुसरा डोस देता येणार नाही.

मी तोंड उघडणार एवढ्यात मामा पुढे झाले. प्रेसच्या खात्यातला तो आवाज पार बसला होता.

"साहेब, तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तो कान मी घालवलाय. भगवान सहा महिन्यांचा होता. मी पिऊन आलो होतो, कालवणात मीठ नव्हतं, म्हणून मी..."

"काका, ते नंतर," डॉक्टर म्हणाले. "आता काय करायचं ते बोला."

मला त्या क्षणी मामांचा राग आला. खोटं सांगून माझी सासू मरायला ठेवली होती या माणसाने.

मामा म्हणाले, "मी पायाशी उभा राहतो. तुम्ही काचेतून हात वर करा, मी अंगठा दाबतो."

त्यांचे खिसे रिकामे केले, पट्टा, घड्याळ काढून घेतलं. आत्यांना बाहेर सरकवलं. मीही बांगड्या, मंगळसूत्र उतरवून आत गेले आणि उजव्या कानातला कापूस काढून सांगितलं, "आत्या, अंगठा दाबला की श्वास धरायचा, सोडला की सोडायचा. मामा दाबतील."

आत्यांनी मान उचलून नवऱ्याकडे पाहिलं. "सांगितलंत?"

मामांनी मान हलवली.

"मग धरा नीट," म्हणाल्या आणि मान खाली टेकली.

काचेतून मी बघत होते. हात वर झाला की मामा अंगठा दाबत, खाली आला की सोडत. शेवटचा फोटो झाला तरी त्यांनी पाय सोडला नाही. डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. पांढरी पट्टी बारीकच होती. बराचसा भाग जिवंत आहे, ऑपरेशन करू, म्हणाले.

बाहेर बाकावर मी आत्यांना बांगड्या चढवत होते. त्या माझ्याकडे झुकल्या.

"तू ऐकलंस सगळं?"

"हो."

"भगवानला सांगू नको. त्याला बाप फार आवडतो."

त्या आपल्या मते हळू बोलल्या होत्या. पण कमी ऐकणाऱ्या माणसाचं हळू बोलणं ते कितीसं हळू. मामा तिथेच भिंतीला टेकून उभे होते.

संध्याकाळी भगवानने आम्हाला दारातच गाठलं. "बाबा, काय म्हणाले डॉक्टर?"

मामांनी चपलाही काढल्या नाहीत.

"ऑपरेशन करणार. तुझी आई जगेल," ते म्हणाले. "आता खाली बस. तिच्या कानाचं सांगायचंय."