टीव्हीच्या पेटीतले मासे

डॉक्टरांनी अप्पांना मीठ कमी करायला सांगितलं. आईनं मीठ कमी केलं आणि बातम्याही बंद केल्या. तिच्या मते अप्पांचा रक्तदाब भाजीतून वाढत नव्हता, रोज संध्याकाळी टीव्हीतून वाढत होता. तिचं चुकतही नव्हतं. चर्चा सुरू झाली की अप्पा खुर्चीच्या कडेवर येऊन बसत आणि पडद्यावरचा माणूस खोटं बोलला की उठून उभे राहत. मीही उभी राहायचे. बिदरच्या मैलूर भागातल्या आमच्या गल्लीत लोकांना वाटायचं, ह्या बापलेकींचं पटत नाही. खरं तर आमचं पूर्ण पटायचं. आम्ही दोघं मिळून तिसऱ्याच कुणाशी भांडत असू आणि त्याला ते ऐकू जात नसे.

अप्पांनी नोकरी शाळेत केली, पण त्यांचा जीव पत्रकांत. जयंतीची पत्रकं, मुलींना शाळेत घाला म्हणणारी पत्रकं, अंगारे-धुपाऱ्यांविरुद्धची पत्रकं. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या कागदांचे गठ्ठे घरात कायम असायचे आणि मी अक्षरं त्यांच्यावरूनच गिरवली. त्यामुळे गाईवरच्या माझ्या पहिल्या निबंधाचा शेवट ‘बंधूंनो, आता तरी जागे व्हा’ असा झाला होता.

तर टीव्ही संतपूरला मामाकडे गेला. राहिली त्याची जुनी लाकडी पेटी, पुढे सरकतं शटर असलेली. पूर्वी हे शटर उघडलं की निम्मी गल्ली आमच्या दारात बसायची. आता ती रिकामी पेटी बैठकीत आ वासून उभी होती.

“ह्याच्यात मासे ठिवायचे,” आई म्हणाली.

अप्पांना वाटलं, ती चेष्टा करतेय.

“त्या दवाखान्यात तुमी माशांच्या पेटीपुढं बसलाव. गप. लग्नापासून पयल्यांदा गप बघितलं मी तुमाला. तवाच नर्सबाईनं बीपी बघितला आन् कमी आला. मला दुसरं काय ठावं न्हाई.”

मी ताबडतोब विरोध केला. कुणालाही काचेत कोंडून शोभेसाठी ठेवणं मला तत्त्वतः मान्य नव्हतं, आणि तसं मी मुद्देसूद सांगितलं. आई लसूण सोलत होती.

“मी बी तुमा दोघांत कोंडलेलीच हाय की,” ती म्हणाली. “माज्यावर कामून काढलं न्हाईस एखादं पत्रक?”

विरोध तिथेच संपला.

पेटीच्या मापाची काचेची टाकी करून आणली. पाण्याच्या वजनानं पेटी बसू नये म्हणून अप्पांनी खाली जाड फळी आणि लोखंडी पट्ट्या ठोकल्या. टाकी आत बसली तेव्हा पडद्याच्या जागी नेमकी काच आली. वर दिव्यांची पट्टी, मागून हवेची नळी. मागच्या काचेला आईला निळ्या समुद्राचं चित्र लावायचं होतं. मी म्हटलं, बिदरात कुठला समुद्र? त्यापेक्षा आपली पत्रकं लावू. उरलेल्या गठ्ठ्यांतली रंगीत पत्रकं मी काचेच्या मागून, मजकूर आत दिसेल अशी चिकटवली. पाणी भरलं आणि दिवा लावला तेव्हा सगळ्या घोषणा हलायला लागल्या. अप्पा म्हणाले, “आमच्या सभेपरीस लई जिवंत दिसायलंय.”

माशांच्या दुकानात प्रत्येक टाकीत प्लास्टिकचा एकेक किल्ला होता. टोकदार बुरूज, वर झेंडा, दारात जलपरी. दुकानदार तो आमच्याही गळ्यात मारत होता. मला ते सहन झालं नाही. ज्या गावाला एवढा मोठा किल्ला आहे, त्या गावानं हा कुठला किल्ला विकत घ्यायचा? घरी आमच्याकडे निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी अप्पांना दिलेली बिदरीची सुरई होती, काळीभोर, अंगावर चांदीच्या तारेची वेल. बिदरीला तो काळा रंग चढतो किल्ल्यातल्या मातीनं, हे आमच्या गावात पोराटोरांना माहीत असतं. म्हणजे किल्ला घरातच होता. मी सुरई टाकीच्या मधोमध उभी केली. आई खूश, अप्पा खूश. नारिंगी मासे काळ्या सुरईभोवती फिरायला लागले आणि बघायला आलेली माणसं चहा गार करून बसली. अप्पा रोज संध्याकाळी ठरल्या वेळी शटर उघडायचे आणि अर्थातच गप बसायचे.

हे सुख फार टिकलं नाही. मासे मंद व्हायला लागले. शेपट्या मिटल्या, कुणी तळाशी पडून राहिला, कुणी वर येऊन तोंड उघडझाप करू लागला. अप्पांनी पाणी बदललं. नळाचं पाणी बादलीत मुरवून पुन्हा बदललं. खाणं कमी केलं, वाढवलं. एक मासा गेला, त्याला त्यांनी पेरूच्या झाडाखाली पुरलं. मग त्यांचं जेवणावरून लक्ष उडालं. ते सकाळपासून पेटीपुढे उभे राहायला लागले. आईनं त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पट्टा सोडून ताडकन उठली.

“बातम्यात बी इतका चढत नव्हता,” ती म्हणाली. “रविवारपस्तोर बघते. न्हाई तर मासे परत, पेटी भंगारात. मग भिंतीकडं बघत बसा.”

तिचे वडील असेच, धडधाकट दिसता दिसता गेले होते, हे आम्हाला माहीत होतं. त्यामुळे ह्यावर कुणी विनोद केला नाही.

शेजारच्या अक्का डोकावल्या. घरात कन्नड, आमच्याशी मराठी आणि भाजीवाल्याशी दख्खनी बोलणाऱ्या ह्या बाईंचं निदान तिन्ही भाषांत एकच असायचं.

“दृष्ट लागल्याय. किती लोक बघून गेलेत. लिंबू-मिरची बांधा की पेटीला.”

अप्पा टाकीकडे बघत होते. तळाशी एक मासा तिरका पडला होता आणि त्याच्या बरोबर मागे एक पिवळं पत्रक होतं, त्यांनीच लिहिलेलं: ‘दोरा बांधू नका, कारण शोधा.’

“मीच लिवलंय,” अप्पा म्हणाले, “आन् मीच वाचंना झालो.”

त्यांनी चष्मा पुसला आणि कामाला लागले. कपडे धुवायचा प्लास्टिकचा टब घासून त्यात मुरवलेलं पाणी घातलं, हवेची नळी सोडली आणि सगळे मासे त्यात हलवले. दुसऱ्या दिवशी मासे टबात पळत होते. पाणी तेच होतं, खाणंही तेच. म्हणजे दोष टाकीत होता. मग टाकीतली वाळू टबात घातली. मासे पळतच राहिले.

“आता ऱ्हायलं काय?” अप्पांनी मला विचारलं, वर्गात विचारावं तसं.

राहिली होती सुरई. ती बाहेर काढली तर तिच्या काळ्या अंगावर पांढुरके डाग पडले होते. बिदरी म्हणजे जस्तात थोडं तांबं. मोबाइलवर शोधलं तर कळलं, दोन्ही धातू पाण्यात उतरले की माशांना बाधतात.

“म्हंजी हे आपल्या किल्ल्यानं केलं व्हय,” अप्पा म्हणाले.

“तो प्लास्टिकचा बरा व्हता की,” आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी डाग पुसत होते.

सुरई कपाटावर गेली. टाकी धुऊन पुन्हा भरली, पण मधोमध ओकंबोकं दिसायला लागलं. आईनं मोरीमागे पडलेला जुना माठ आणला, कड फुटलेला, निम्माच उरलेला, आणि तळाच्या वाळूत आडवा रोवला. थोड्या वेळानं एक मासा आत शिरला. मग दुसरा. अप्पा वाकून बघत राहिले.

“आमच्या आजाला माठाला हात लावू देत नव्हते,” ते म्हणाले. “लांबून, वरून ओंजळीत वतायचे पाणी. आन् हे बघ. इचारलं न्हाई, पुसलं न्हाई, सरळ आत.”

एवढं बोलताना त्यांचा आवाज चढला आणि हात पेटीवर आपटला. मासे सगळेच्या सगळे माठात गडप झाले. टाकी रिकामी. अप्पा दचकले, खुर्चीत बसले आणि वाट बघायला लागले. बऱ्याच वेळानं एक नारिंगी तोंड बाहेर आलं.

तेव्हापासून आमच्या बैठकीत राग धरता येतो, आवाज चढवता येत नाही. परवा अप्पांचे बसवकल्याणचे जुने मित्र आले. आमच्या वस्तीच्या नळाला पाणी दिवसाआड आणि पुढच्या वस्तीला रोज, हा विषय निघाला. अप्पांनी मुद्देसूद, निखारा असलेलं भाषण केलं, पण सगळं कुजबुजत. मित्र खुर्ची ओढत ओढत त्यांच्या तोंडापर्यंत आले.

“घसा बसलाय का मास्तर?”

“घसा ठीक हाय,” अप्पा कुजबुजले. “ती पिल्लं भितात. उद्या नगरपालिकेत चला, तिथं मोठ्यानं बोलतो.”

आई पट्टा घेऊन आली. मित्रासमोरच तिनं तो त्यांच्या दंडाला बांधला, आकडा बघितला, “उतरलाय,” म्हणाली आणि दोघांच्या चहात साखर घालायला गेली. मी उद्याच्या पत्रकाचा मजकूर लिहायला बसले.