दाजींची कंपनी

सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो, तेव्हा सुमनताईचा फोन आला. "ह्यांना दवाखान्यात आणलंय, तू लवकर ये." मी पोहोचेपर्यंत दाजी गेले होते. ताई बाकावर बसून होती, डोळे कोरडे. मला पाहून तिनं पहिल्यांदा विचारलं ते हे, "कंपनीला कळवायला पाहिजे ना रे?" ... कंपनीनं दाजींना काढून टाकलं, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. तरी मी बाहेर येऊन इंदूरच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं पुन्हा एकदा नाव विचारलं आणि म्हणाली, "इस नाम का यहाँ कोई नहीं है, सर." आत जाऊन ताईला सांगितलं, कळवलं म्हणून.

दिगंबर महाजन, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेतीच्या औषधांच्या एका मोठ्या कंपनीचे ते बुऱ्हाणपूर भागातले अधिकारी होते. निंबोल्याकडच्या केळीच्या बागांत त्यांची मोटारसायकल शिरली, की माणसं हातातलं काम टाकून जवळ यायची. माझं कृषी केंद्र उभं राहिलं तेही त्यांच्याच ओळखीवर. मग त्यांची कंपनी एका परदेशी कंपनीत विलीन झाली. दाजींनी मोहल्ल्यात पेढे वाटले. "आता आपण दुनियाभर पोचलो," असं ते सगळ्यांना सांगत होते. दोन्हीकडची माणसं एकत्र करण्याचं काम पुढे बरेच दिवस चाललं, आणि त्यात जी जास्तीची ठरली त्यांत दाजी निघाले. इंदूरला बोलावून, समोरचा चहा निवायच्या आत त्यांना सांगून टाकलं.

घरी आले ते साहेबांची बाजू घेऊनच. "त्यांचा तरी काय इलाज? वरून ऑर्डर आहे." नोकरी गेल्याचं त्यांनी स्वतःहून बाहेर कुणालाच सांगितलं नाही. रोज कंपनीचा निळा शर्ट इस्त्री करून घालायचा आणि बागांकडे निघायचं. केळीच्या पानावर करप्याचे ठिपके दिसले, की कंपनीचंच औषध सांगायचं. घर ताईच्या शिलाई मशीनवर चालू लागलं. शेजारणींनी विचारलं, तर ती म्हणायची, वेळ जात नाही म्हणून शिवते. मी दुसऱ्या एका कंपनीत त्यांच्यासाठी बोलणं करून ठेवलं, ते लोक उद्यापासून या म्हणत होते. दाजी म्हणाले, "ज्यांच्याविरुद्ध इतकी वर्षं बोललो, त्यांचा माल कोणत्या तोंडानं विकू?" ताई आतून ऐकत होती. मशीनचा आवाज मध्येच थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला...

एकदा कंपनीनं इथल्या हॉटेलात आम्हा दुकानदारांची मीटिंग ठेवली. दाजींना बोलावणं नव्हतं. मी पोहोचलो, तर ते निळ्या शर्टात दाराशी उभे, येणाऱ्याला नमस्कार करून खुर्ची दाखवत होते. इंदूरहून आलेल्या नव्या मॅनेजरनं त्यांच्याकडे न पाहताच सांगितलं, "भैया, ज़रा चाय भिजवा दो." दाजी स्वतः ट्रे घेऊन आले. सगळे दुकानदार त्यांना ओळखणारे, कुणी मान वर करेना. मला राहवलं नाही. उठून म्हणालो, "सर, ये आपके ही पुराने अधिकारी हैं, महाजन साहब." मॅनेजर गोंधळून उभा राहिला, "सॉरी सॉरी" म्हणत त्यानं ट्रेला हात लावला. दाजींनी ट्रे सोडला नाही.

बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, अपमान लागला. ते म्हणाले, "सगळ्यांसमोर तू सायबाला नीचा दाखवलंस. नवीन माणूस आहे, त्याला काय वाटलं असेल?" लाज कुणाची वाटावी तेच कळेना. त्या मॅनेजरची, दाजींची, की त्याच कंपनीचा बोर्ड दुकानावर लावून बसलेल्या माझी. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. पुढे दिवाळीला आले तेव्हा विषय निघाला नाही. तो मग कधीच निघाला नाही.

परवा ताईकडे गेलो होतो. ती मशीनवर बसलेली, दाजींचा मोबाईल शेजारी खिडकीत. लोकांचे फोन अजून येतात, म्हणून तिनं तो बंद केलेला नाही. मी असतानाच वाजला. जसोंडीचा कुणी शेतकरी होता, केळीवर करपा आलाय म्हणत होता. ताईनं शांतपणे सांगितलं, "भाऊ, ते गेले. महिना होत आला." पलीकडचा काही बोलला असावा. ती ऐकत राहिली. मग तिनं साडीचा पदर नीट केला, जरा ताठ बसली आणि म्हणाली, "पण औषध मात्र आमच्या कंपनीचंच मारा."

फोन ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो.