किल्ली माझ्याकडे होती

“मला कशाला देतील किल्ली? मी अडाणी बाई. मला त्यातलं काय कळतंय?”

एवढं मी म्हणाले आणि माने साहेबांनी मान हलवली. त्यांना पटलं. पवार माझ्याकडे बघत राहिला — रागाने नाही, भलतंच काहीतरी ऐकल्यासारखा. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फरशीकडे बघत उभी राहिले.

किल्ली माझ्याकडेच होती. हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही, तो गेला तोवर. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका. मलाही धड माहीत नाही.

मी कासार आंबोलीची. आमच्या बाजूला डोंगरावर एक विद्यापीठ झालं, तिथे झाडलोटीला होते. चौथी शिकले आहे. म्हणजे ‘अडाणी’ हेसुद्धा खोटंच होतं. दारावरच्या पाट्या मी वाचायचे, पण कुणाला कळू द्यायचे नाही. हिला वाचता येत नाही असं वाटलं की माणसं हिच्यासमोर कागद उघडे टाकतात, बोलतातही मोकळं. मला ते बरं पडायचं.

तेव्हा प्रत्येक विभागाची स्वतःची कॉम्प्युटरची खोली होती. सहा खोल्या, झाडायला आम्ही चौघी. मग माने साहेब आले. सगळा कारभार एका जागी आणायचा, असं ठरलं. विभागांच्या खोल्या बंद करायच्या आणि एकच मोठी खोली ठेवायची — आत गार हवा, काचेचं दार, दाराला कुलूप. तिथून सगळ्या इमारतींना जमिनीखालून नवी केबल. सगळं आवार खणून ठेवलं होतं. चर ओलांडताना आम्ही बायका एकमेकींना एकच गोष्ट विचारायचो — खोली एक झाली, तर झाडणाऱ्या किती लागणार?

साहेबांना हे कुणी विचारलं नाही. आम्ही विचारत नाही, अंदाज बांधतो. आणि अंदाज नेहमी वाईटच बांधतो, म्हणजे फसत नाही.

पवार हिंगोलीकडचा. गजानन पवार. तिशीतला, कंत्राटावर. केबल ओढणं, जोडणं, मशीन बसवणं, सगळं तोच बघायचा. काम नीट पार पडलं तर कायम करू, असं त्याला सांगितलं होतं. त्या भरवशावर त्याने बायकोला गावाहून आणलं, पौडला खोली घेतली. हे सगळं त्यानेच मला सांगितलेलं, डबा खाताना. माझ्यातली भाकरी मागून घ्यायचा आणि वर म्हणायचा, “मावशी, तुमच्या तांदळाच्या भाकरीला आमच्या ज्वारीची सर नाही. पण चालवून घेतो.”

“मग धरा की हिंगोलीची वाट. कुनी अडवलंय तुमाला?” मी म्हणायचे.

तो हसायचा. मला तेही खटकायचं. शिकलेला माणूस झाडणारणीशी इतका गोड का? त्यात एकदा त्याने विचारलं, “मावशी, एक खोली झाडायला तुम्हाला किती वेळ लागतो?” झालं. मी म्हटलं, हा साहेबाचा माणूस. आपली मोजदाद घेतोय. भाकरी देत राहिले, पण त्या दिवसापासून त्याचा प्रत्येक शब्द मी उलटून-पालटून बघायला लागले.

दसऱ्याला उद्घाटन ठरलं. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, मुसळ — ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. विभागांच्या खोल्यांत दरवर्षी कॉम्प्युटरला माळा मीच घालायचे. त्या दिवशी ते बंद असायचे. कधी काही बिघडलं नाही.

त्या वर्षी माने साहेबांनी बजावलं — नव्या खोलीत फूल नाही, पाणी नाही, उदबत्ती नाही. पूजेला बाहेर टेबलावर एक कीबोर्ड मांडणार होते. जुना, त्यातली दोन बटणं पडलेली. मला हसूही आलं आणि संशयही. आत असं काय आहे, की त्याला कुंकवाचं बोटसुद्धा चालत नाही?

नियम असा होता की मी झाडत असताना पवारने तिथे उभं राहायचं. पण तो किल्ली माझ्या हातात टाकून चहाला जायचा. “तुमच्याशिवाय कुणाला देणार, मावशी?” खंडेनवमीच्या सकाळीही दिली.

मी आत गेले. भिंतीला लोखंडी जाळीचं कपाट होतं, त्यात ती मुख्य पेटी. सगळ्या इमारतींच्या वायरी तिच्यात शिरलेल्या, हिरवे दिवे लुकलुकत होते. मी कपाट उघडलं, हळदकुंकू लावलं. घरून आणलेली माळ वर ठेवली. फुलं सुकू नयेत म्हणून माळ रात्रभर बादलीत बुडवून ठेवली होती, जाताना पिळलीसुद्धा नव्हती. वर आणखी हाताने पाणी शिंपडलं — आपण देवावर शिंपडतो तसं. पेटीला वरून बारीक भोकं होती. ती मला दिसली होती.

फिस्स असा आवाज झाला. जळका वास आला. दिवे गेले, सगळे एकदम.

माळ उचलली, बादलीत टाकून वर फडका टाकला. कुंकू पदराने पुसलं. कुलूप लावलं, खाली जाऊन पवारला किल्ली दिली. तो बशीतून चहा पीत होता.

“झालं?”

“झालं.”

इथवर भीती होती, असं म्हणता येईल. पण पुढचं?

दुपारी पेटी उघडली, तर आत झेंडूच्या पाकळ्या. माने साहेबांनी पवारला विचारलं. तो म्हणाला, “किल्ली मी मावशींना दिली होती, झाडायला.” मग मला बोलावलं. आणि मी ते बोलले, जे सुरुवातीलाच सांगितलं. मी अडाणी बाई. साहेबांना वाटलं, हा स्वतःची चूक गरीब बाईवर ढकलतोय. त्यावरून ते त्याला जास्तच बोलले, आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले.

आता जे सांगायचं होतं ते सांगते. जिना चढून साहेबांच्या खोलीकडे जाताना मी घाबरलेली नव्हते. मी हिशेब करत होते. पेटी जळली, पवार गेला, तर हे सगळं बारगळेल — आणि आमच्या सहा खोल्या राहतील. हे माझ्या डोक्यात होतं, अगदी स्पष्ट. त्याची पौडची खोली, त्याची बायको, सगळं ठाऊक असताना होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पौडला त्याची बायको भेटली. रुक्मिणी. मला शोधतच आली होती. “मावशी, तुम्ही साहेबांस्नी सांगा ना. हे म्हणतेत, मावशीचं ऐकतेत साहेब.” तिच्या आवाजात राग नव्हता. मी खोटं बोलले, हे त्याने तिला सांगितलं नव्हतं का? की सगळं सांगूनच पाठवलं होतं — मला एक वाट ठेवावी म्हणून? इतकी वर्षं झाली, मला अजून ठरवता आलेलं नाही. कुणी माझ्याशी सरळ वागलं की मी त्यात आधी गाठ शोधते.

“बगते,” मी म्हणाले आणि मेथीची जुडी उचलली.

बघितलं काहीच नाही. नवी पेटी आली. उद्घाटन दिवाळीनंतर झालं. विभागांच्या खोल्या बंद झाल्या त्या झाल्याच. चौघींतल्या दोघी घरी गेल्या. मी राहिले, त्याच गार खोलीला. दारावर पाटी लागली — ‘फुले व पाणी आत नेण्यास मनाई.’ दर खंडेनवमीला कुणी ना कुणी माळ घेऊन यायचं. त्यांना दारात अडवायचं काम माझं होतं, आणि मी ते चोख केलं. माने साहेब म्हणायचे, मावशी असल्या की काळजी नाही.

पवारचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. चौकशी केली असती तर कळलं असतं. मी केली नाही.

माळ मी घातली. कामावरून गेला तो गजानन पवार. पौडची खोली रिकामी करून त्याच्यासोबत गेली ती रुक्मिणी.